आधी ताळा, मग मॅक्रो

तासगावहून तुम्ही विचारलेला प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर भलतीकडे जाणार नाही. तुम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर आहात, बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजच्या कार्यालयात हिशेब पाहता, आवक-जावक आणि भाड्याची बिले एक्सेलवर रोज करता, आणि दोन वर्षांपासून पगारातून थोडेथोडे शेअर घेत आहात. आता व्हीबीए, म्हणजे एक्सेलमध्येच असलेली प्रोग्रॅमिंगची भाषा, शिकून अशी एक फाइल तयार करावी असे तुमच्या मनात आहे, की जी रोज संध्याकाळी आपोआप भाव भरून घेईल, कंपन्या चाळेल आणि काय घ्यावे, काय विकावे हे सांगेल. त्यासाठी क्लास लावावा का, व्हीबीएऐवजी थेट पायथॉन ही स्वतंत्र प्रोग्रॅमिंग भाषा शिकावी का, किती दिवस लागतील, आणि फाइल तयार झाल्यावर ती मित्रांना महिन्याचे शुल्क घेऊन द्यावी का, असे तुमचे चार उपप्रश्न आहेत.

मी सांगलीत बावीस वर्षे हिशेबनीस आणि करसल्लागार म्हणून काम करतो. मार्केट यार्डातील काही आडत दुकानांची खाती माझ्याकडे असतात, आणि स्वतःच्या शेअरचा अभ्यासही मी २००८ पासून स्प्रेडशीटवरच करत आलो आहे. या अनुभवावरून मला असे दिसते की तुमच्या प्रश्नात तीन निरनिराळी कामे एकाच गाठोड्यात बांधली गेली आहेत. आकडे नीट साठवणे हे पहिले काम, त्यांच्यावर हिशेब करणे हे दुसरे, आणि त्या हिशेबावरून निर्णय घेणे हे तिसरे. प्रोग्रॅमिंगचा उपयोग पहिल्या कामात भरपूर होतो, दुसऱ्यात मध्यम होतो, तिसऱ्यात फारच थोडा होतो. शिकणारा मात्र बहुतेक वेळा तिसऱ्यापासून सुरुवात करतो, आणि चार महिन्यांनी त्याच्या हाती अशी फाइल येते की तिच्यातील एकाही आकड्यावर त्याला छातीठोकपणे बोट ठेवता येत नाही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. तुमच्या संगणकावर कोणते एक्सेल आहे यावर बरेच ठरते, कारण यादीतून हवी ती नोंद शोधून आणणारे एक्सएलुकअप हे सूत्र एक्सेल २०२१ मध्ये आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये मिळते, २०१६ किंवा २०१९ मध्ये मिळत नाही. मोबाइलवर आणि ब्राउझरमधील एक्सेलवर व्हीबीएचे मॅक्रो, म्हणजे ठरावीक काम आपोआप करणारे छोटे प्रोग्रॅम, चालत नाहीत. तुम्ही वर्षानुवर्षे शेअर सांभाळणारे असाल तर वीस-पंचवीस कंपन्यांचे तिमाही आकडे तुम्हाला पुरतील, आणि त्यांना आपोआप भरण्याची गरजच नसते. आठवड्याला खरेदी-विक्री करणारे असाल तर रोजचे भाव लागतील आणि मग यांत्रिकीकरणाचा प्रश्न खरोखर उभा राहील. तुमच्या प्रश्नावरून तुम्ही यांपैकी कोणत्या गटात आहात हे मला कळले नाही, म्हणून दोन्ही धरून लिहितो.

जुन्या पेढ्यांवर रोजकीर्द आणि खतावणी वेगवेगळ्या वह्यांत असत, हे तुम्ही महाविद्यालयात शिकला असाल. रोजकीर्दीत व्यवहार घडेल त्या क्रमाने लिहायचा, तिच्यात खाडाखोड करायची नाही, आणि खात्यांनुसार मांडलेली खतावणी तिच्यावरून काढायची. स्प्रेडशीटला हाच नियम लावा. ‘भाव’ नावाचे एक पान ठेवा आणि त्यात तारीख, कंपनीचे चिन्ह, बंद भाव आणि उलाढाल झालेल्या शेअरची संख्या एवढेच चार स्तंभ असू द्या. एका दिवसाची एका कंपनीची नोंद म्हणजे एक ओळ. या पानावर रंग भरू नका, खाने जोडून मोठे करू नका, मध्ये रिकामी ओळ सोडू नका आणि खाली बेरीज घालू नका. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीतील कोठारांत, हळद भरली की तोंड लिंपून टाकत, मधूनमधून हात घालून कोणी पाहत नसे. मूळ आकड्यांचे पानही तसेच बंद ठेवायचे. हिशेब दुसऱ्या पानावर आणि सजावट तिसऱ्या पानावर. सुरुवातीला आडवा तक्ता सोयीचा वाटतो, वर कंपन्यांची नावे आणि डावीकडे तारखा, पण पिव्होट टेबल (नोंदींचा सारांश-तक्ता काढण्याची एक्सेलची सोय) आणि चाळणी दोन्ही उभ्या नोंदींवरच नीट चालतात. आडवा तक्ता पाहिजे तेव्हा पिव्होट टेबलातून अर्ध्या मिनिटात निघतो. आडव्यावरून उभा करायचा तर मात्र तुमची एक संध्याकाळ जाते.

मूळ आकड्यांत सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे तारीख. एक्सेल तारीख ही संख्या म्हणून साठवते, १ जानेवारी १९०० म्हणजे १ आणि तिथून पुढे रोज एक वाढत जाते. आता तुमच्या विंडोजची भाषा अमेरिकन पद्धतीवर असेल आणि तुम्ही ०५-०४-२०२४ असे लिहिलेली फाइल उघडली, तर ५ एप्रिलऐवजी ४ मे ही तारीख नोंदली जाते आणि कोणतीही चूक दाखवली जात नाही. १३-०४-२०२४ उघडली तर तेरावा महिना नसल्यामुळे ती नुसता मजकूर म्हणून पडून राहते. म्हणजे प्रत्येक महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांच्या तारखा उलटतात आणि उरलेल्या मुक्या होतात, आणि आलेख काढल्यावर भाव विनाकारण उड्या मारताना दिसतो. ओळखण्याची खूण सोपी आहे: खऱ्या तारखा खान्यात उजवीकडे चिकटतात, मजकूर डावीकडे चिकटतो. एकाच स्तंभात काही डावीकडे आणि काही उजवीकडे दिसल्या की पुढचे काम थांबवा. पॉवर क्वेरीतून, म्हणजे बाहेरचे आकडे आत आणण्याच्या एक्सेलच्या सोयीतून, फाइल घेताना तारीख कोणत्या देशाच्या पद्धतीची आहे हे स्पष्ट सांगता येते, आणि एक्सेल २०१६ पासून पॉवर क्वेरी ‘डेटा’ या टॅबमध्ये मिळते. व्हीबीएच्या आधी पॉवर क्वेरी शिका असे मी सर्वांना सांगतो, त्याचे निम्मे कारण ही तारीख आहे.

आकडे भरल्यानंतर ताळा पाहण्याची सवय लावा. बेदाण्याच्या सौद्यात पेटी फोडून मूठभर माल हातात घेतल्याशिवाय कोणी बोली लावत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. तसेच भावाच्या पानातून कोणत्याही पाच ओळी उचला आणि शेअर बाजाराच्या संकेतस्थळावरील भावाशी हाताने जुळवून पाहा. मग नोंदींची संख्या मोजा. वीस कंपन्या आणि महिन्याचे एकवीस व्यवहार-दिवस असतील तर ४२० ओळी आल्याच पाहिजेत. ४१९ आल्या तर कोणती ओळ गळाली हे शोधल्याशिवाय पुढे जायचे नाही.

सूत्रांची यादी मोठी करण्याची गरज नाही. अटींवर बेरीज करणारे सूत्र, यादीतून नोंद शोधणारी इंडेक्स आणि मॅच, तारखांची सूत्रे, पिव्होट टेबल आणि एक्सआयआरआर (वेगवेगळ्या तारखांना गुंतवलेल्या पैशांचा वार्षिक परतावा काढणारे सूत्र) एवढे हातात बसले तरी शेअरच्या अभ्यासाचे बहुतेक काम होते. व्हीलुकअप तुम्ही कार्यालयात वापरतच असाल. त्यात चौथी जागा रिकामी सोडली तर एक्सेल जवळपास जुळणारी नोंद शोधते, आणि यादी वर्णक्रमाने लावलेली नसेल तर बेधडक दुसऱ्याच कंपनीचा भाव आणून देते. ‘सापडले नाही’ असा इशारा आला असता तर बरे झाले असते, पण इथे पटण्याजोगा दिसणारा चुकीचा आकडा येतो. माझ्याकडे तपासणीसाठी येणाऱ्या फाइलींत ही चूक वारंवार सापडते. एक्सएलुकअप मुळातच तंतोतंत जुळणी शोधते, म्हणून ते उपलब्ध असेल तर तेच वापरावे.

कंपनीची ओळख कशावरून धरायची हाही विचार करून ठेवा. नाव बदलते, बाजारातील चिन्हही बदलते. झोमॅटोचे २०२५ मध्ये इटर्नल झाले तेव्हा अनेकांच्या फाइलींतील ती ओळ एका दिवसात रिकामी झाली. आयएसआयएन, म्हणजे प्रत्येक शेअरला दिलेला ओळख क्रमांक, त्यापेक्षा टिकाऊ आहे, पण दर्शनी किमतीचे विभाजन झाले (एका शेअरचे कमी दर्शनी किमतीचे अनेक शेअर झाले) की तोही बदलतो. म्हणून स्वतःचा एक साधा क्रमांक प्रत्येक कंपनीला द्यावा आणि त्याच्यासमोर जुनी-नवी चिन्हे लिहिलेले एक छोटे पान ठेवावे.

आता बोनस, म्हणजे भागधारकांना फुकट मिळणारे जादा शेअर, आणि विभाजन. बाजाराची भावकॉपी, म्हणजे रोज प्रसिद्ध होणारी सर्व भावांची फाइल, ही त्या दिवशी जो भाव झाला तो सांगते, मागचे भाव ती सुधारून देत नाही. इन्फोसिसने २०१८ मध्ये एकास एक बोनस दिला, तेव्हा सप्टेंबरच्या सुरुवातीला सुमारे चौदाशेच्या घरातला भाव दुसऱ्या दिवशी सातशेच्या घरात आला. माझ्या फाइलीत तेव्हा ‘निम्म्याने पडलेले चांगले शेअर’ अशी चाळणी होती आणि तिने इन्फोसिस सर्वांत वर आणून ठेवला. मी बातमी वाचलेली होती म्हणून हसलो. कंपनी अनोळखी असती तर कदाचित खरेदी केली असती. नेस्ले इंडियाचे जानेवारी २०२४ मध्ये दहास एक विभाजन झाले, तिथे तर भाव नव्वद टक्के पडल्यासारखा दिसतो.

यावर उपाय म्हणून ‘फेरबदल’ नावाचे एक पान करा. त्यात कंपनी, बोनस किंवा विभाजन लागू झाल्याची तारीख आणि भाजक असे तीन स्तंभ ठेवा. एकास एक बोनसला भाजक २, दोनास एक बोनसला म्हणजे दोन शेअरमागे एक मिळाला तर १.५, दहाच्या दर्शनी किमतीचे एकात विभाजन झाले तर १०. कोणत्याही दिवसाचा मूळ भाव घ्यायचा आणि त्या दिवसानंतर आलेल्या त्या कंपनीच्या सर्व भाजकांच्या गुणाकाराने त्याला भागायचे. उलाढाल झालेल्या शेअरच्या संख्येला त्याच आकड्याने गुणायचे. मूळ पानाला हात लावायचा नाही, सुधारलेला भाव शेजारच्या पानावर काढायचा. हा हिशेब एकदा कागदावर स्वतः करून पाहिलात तर तयार ‘सुधारित भाव’ देणाऱ्या संकेतस्थळांचे आकडे एकमेकांशी का जुळत नाहीत हेही समजेल, कारण कोणी लाभांशही वजा करतो आणि कोणी करत नाही.

परताव्याच्या बाबतीत एक लहान उदाहरण देतो, कारण कार्यालयात व्याज काढणाऱ्या माणसाचीही इथे चूक होते. समजा तुम्ही १ एप्रिल २०२२ रोजी एक लाख आणि १ जानेवारी २०२४ रोजी आणखी एक लाख गुंतवले, आणि ३१ मार्च २०२४ रोजी त्यांचे मूल्य २ लाख ३० हजार झाले. दोन लाखांवर तीस हजार म्हणजे पंधरा टक्के, दोन वर्षांनी भागून साडेसात टक्के, असा हिशेब करून पुष्कळ जण मुदत ठेवीशी तुलना करतात आणि निराश होतात. पण दुसरा लाख अवघे ९० दिवस कामाला होता. एक्सआयआरआर लावले तर वार्षिक परतावा सुमारे १२.७ टक्के येतो. गुंतवलेली रक्कम उणे चिन्हाने आणि मिळालेली किंवा आजचे मूल्य अधिक चिन्हाने लिहायचे, आणि तारखा खऱ्या तारखा असायला हव्यात, एवढेच पथ्य आहे. खातरजमा म्हणून एक लाखाला १.१२७ चा वर्ग आणि दुसऱ्या लाखाला १.१२७ चा ९० भागिले ३६५ वा घात लावून बेरीज करा. ती २ लाख ३० हजारांच्या आसपास आली पाहिजे. सूत्राने दिलेले उत्तर निदान एकदा तरी उलट बाजूने तपासल्याशिवाय मी ते सूत्र नेहमीच्या फाइलीत घेत नाही.

इथपर्यंत आल्यावर मॅक्रोकडे वळावे. जे काम तुम्ही हाताने किमान वीस वेळा केले आहे आणि ज्यात कुठे काय बिघडते हे तुम्हाला पाठ झाले आहे, त्याच कामाचा मॅक्रो लिहावा असा माझा नियम आहे. मॅक्रो नोंदवून घेण्याची सोय सुरुवातीला वापरायला हरकत नाही, पण तिने लिहिलेला मजकूर वाचून त्यातील अनावश्यक ओळी काढणे हाच खरा अभ्यास असतो. मॉड्यूलच्या पहिल्या ओळीत ऑप्शन एक्स्प्लिसिट लिहा, म्हणजे चलाचे (व्हेरिएबलचे) नाव चुकून वेगळे टंकले तर प्रोग्रॅम तिथेच अडेल. हजारो खाने एकेक करून वाचू नका. पूर्ण पट्टा एकदम ॲरेमध्ये, म्हणजे मेमरीतील तक्त्यात, घ्या, हिशेब तिथे करा आणि एकदम परत लिहा. काही मिनिटांचे काम सेकंदांवर येते.

ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट या ओळीबद्दल मात्र थोडे सविस्तर सांगतो, कारण तिने मला चांगलेच फसवले आहे. चूक आली तरी थांबू नको, पुढे चल, असा तिचा अर्थ. माझा भाव भरणारा मॅक्रो मधूनमधून अडत असे, म्हणून कंटाळून मी ती ओळ वर घातली होती. जुलै २०२४ मध्ये एनएसई या शेअर बाजाराने भावकॉपीचा जुना साचा बंद करून नवा आणला. फाइलीचे नाव, स्तंभांची नावे आणि त्यांचा क्रम सगळे बदलले. पूर्वी सहावा स्तंभ बंद भावाचा असे, नव्या साच्यात तिथे दुसरेच काही आले. माझ्या मॅक्रोला फाइलच सापडेना, पण तो थांबला नाही. शुक्रवारचेच भाव त्याने पुढे चार दिवस नव्या तारखा घालून इमाने इतबारे लिहून ठेवले. त्या आठवड्यात एका निवृत्त शिक्षकांना त्यांच्या शेअरचे एकूण मूल्य मी त्याच फाइलीवरून सांगितले. गुरुवारी संध्याकाळी ‘आजचा बदल’ या स्तंभात सर्वत्र शून्य दिसले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, आणि सरांना फोन करून आकडा दुरुस्त करावा लागला.

त्यानंतर मी तीन तपासण्या घातल्या. मॅक्रो स्तंभ क्रमांकाने न शोधता शीर्षकाच्या नावाने शोधतो आणि नाव सापडले नाही तर थांबतो. फाइलीच्या आतील तारीख अपेक्षित तारखेशी जुळली नाही तर थांबतो. आणि आधीच्या दिवसापेक्षा भाव चाळीस टक्क्यांहून अधिक बदललेल्या किंवा अजिबात न बदललेल्या कंपन्यांची संख्या वेगळी दाखवतो, म्हणजे एकास एकसारखा मोठा बोनस निसटला तरी कळतो आणि जुने भाव पुन्हा आले तरी कळतो. या तीन तपासण्यांचा मजकूर मूळ मॅक्रोपेक्षा लांब झाला आहे, आणि ते तसेच असायला हवे.

काय घ्यावे आणि काय विकावे हे सांगणारा भाग तुम्हाला सर्वांत आकर्षक वाटतो, म्हणून त्यातील खड्डे दाखवतो. जुन्या आकड्यांवर एखादा नियम तपासताना आजच्या निफ्टी या निर्देशांकातील पन्नास कंपन्या घेऊन मागे गेलात तर उत्तर हमखास चांगले येते, कारण बुडालेल्या कंपन्या त्या यादीत राहिलेल्याच नाहीत. २००८ च्या निफ्टीत सत्यम होती, युनिटेक होती, सुझलॉन होती. दुसरा खड्डा तारखेचा आहे. मार्चअखेरचे वार्षिक आकडे जाहीर करायला कंपन्यांना ६० दिवसांची मुदत असते, इतर तिमाहींना ४५ दिवसांची. तुमच्या फाइलीने मार्चचा नफा पाहून १ एप्रिलच्या भावाने खरेदी केली असेल, तर तिने मे महिन्यातील वर्तमानपत्र एप्रिलमध्ये वाचले आहे. तिसरा खड्डा खर्चाचा. डिलिव्हरीच्या, म्हणजे शेअर प्रत्यक्ष खात्यात घेण्याच्या, व्यवहारात खरेदी आणि विक्री दोन्हींवर ०.१ टक्का एसटीटी हा व्यवहार कर लागतो, म्हणजे दरमहा सगळे शेअर बदलणाऱ्या नियमात वर्षाला सुमारे २.४ टक्के तिथेच जातात. त्याशिवाय बारा महिन्यांच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून २० टक्के कर आहे, तर वर्षाहून अधिक ठेवलेल्यांवर सव्वा लाखापुढील नफ्याला साडेबारा टक्के. हे तिन्ही खड्डे भरून पुन्हा हिशेब केला की बहुतेक चमकदार नियम निर्देशांकाच्या आसपास येऊन बसतात. माझे स्वतःचे सात नियम असे बसले.

फ्युचर्स-ऑप्शन्स या वायद्याच्या व्यवहारांसाठी ही फाइल करण्याचा विचार असेल तर माझे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत त्या विभागात वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांपैकी सुमारे ९३ टक्के लोकांना तोटा झाला आणि एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. त्यांच्यापैकी अनेकांकडे तुमच्या-माझ्यापेक्षा देखण्या फाइली असणार.

पायथॉनचे उत्तर ओळींच्या संख्येत आहे. एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात. संपूर्ण बाजाराच्या दिवसाला अडीच हजार ओळी धरल्या तर वर्षाच्या सुमारे २५० व्यवहार-दिवसांत सव्वासहा लाख होतात, म्हणजे दोन वर्षेही एका पानात बसत नाहीत. तुम्ही सगळा बाजार चाळणार असाल तर पायथॉन लागेल. तीस कंपन्या पाहणार असाल तर दहा वर्षांच्या ७५ हजार ओळी होतात आणि एक्सेल त्या सहज पेलते. शिवाय व्हीबीए तुम्हाला भाड्याच्या बिलांतही उद्यापासून उपयोगी पडेल, आणि रोज हाताखालून जाणारी विद्या लवकर मुरते, हा तुमच्या बाबतीत मोठा मुद्दा आहे. एक्सेल विकत घेतलेले नसेल तर लिब्रेऑफिस मोफत आहे, पण व्हीबीएचे मॅक्रो त्यात जसेच्या तसे चालतील अशी अपेक्षा धरू नका.

क्लासबद्दल माझे मत असे की सूत्रे आणि पॉवर क्वेरी घरी शिकता येतात. व्हीबीएसाठी शिकवणारा मिळाला तर वेळ वाचतो, मात्र तो ‘शेअरसाठी खास’ असल्याचे सांगून दुप्पट शुल्क घेत असेल तर साधा कार्यालयीन व्हीबीए शिकवणारा शोधा. रोज एक तास दिलात तर नोंदींची मांडणी आणि सूत्रे यांना दोन महिने, पॉवर क्वेरीला एक, आणि उपयोगी मॅक्रो स्वतः लिहिण्याइतकी व्हीबीए यायला तीन ते चार महिने धरा. एप्रिल-मे महिन्यांत तुमच्याकडे बेदाण्याची आवक असते, तेव्हा हा काळ वाढेल.

फाइलीची एक प्रत दुसऱ्या जागी ठेवा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात माझ्या कार्यालयात पाणी शिरले तेव्हा संगणक गेलाच, आणि त्याची प्रत असलेला पेन ड्राइव्ह त्याच टेबलाच्या खणात होता.

शेवटचा उपप्रश्न मित्रांना शुल्क घेऊन फाइल देण्याचा. नुसती रिकामी हिशेबाची फाइल, ज्यात घेणारा स्वतःचे शेअर आणि भाव भरतो, ती विकणे वेगळे. पण तुमची फाइल अमुक शेअर घ्या, अमुक विका असे सांगत असेल आणि त्यासाठी तुम्ही पैसे घेत असाल, तर तो शिफारशीचा व्यवसाय होतो आणि त्याला सेबीच्या २०१४ च्या संशोधन विश्लेषक नियमांखाली किंवा २०१३ च्या गुंतवणूक सल्लागार नियमांखाली नोंदणी लागते. त्यासाठी पात्रता आणि परीक्षा आहेत. तेव्हा मित्रांना द्यायचीच असेल तर संकेत देणारे पान काढून टाका, भाव, फेरबदल आणि एक्सआयआरआर ही पाने ठेवा, आणि त्यांच्या पाच व्यवहारांचा ताळा त्यांच्यासमोर बसून एकदा जुळवून दाखवा.